एका डोळ्याचा अंदाज

मातोरीच्या साधनाचा उजवा डोळा एप्रिलमध्ये गेला. द्राक्षबागेतली तार ओढून बांधताना ती तुटली आणि तिचं टोक डोळ्यात बसलं. महिन्याभरात जखम भरली, दुखणंही थांबलं, पण मग दुसराच त्रास सुरू झाला. चहा ओतायला गेली की कपाच्या अलीकडेच सांडायचा. जिना संपला असं वाटायचं आणि अजून एक पायरी उरलेली असायची. वेलावरची शेंग तोडायला हात पुढे केला, की बोटं नुसत्या हवेत मिटायची.

आणि ही तीच साधना, जिचा विरळणीत गावात कुणी हात धरू शकत नव्हतं. घडातले दाटीचे मणी ती बारीक कात्रीने असे काढायची, की शेजारच्या मण्याला ओरखडा उठत नसे.

"अंतर कळायला दोन डोळे लागतात," डॉक्टर म्हणाले होते. "एका डोळ्यानेही जमतं, पण ते मेंदूला नव्याने शिकावं लागतं. कामं करत राहा."

पण घरी कामं करू कोण देणार? तिने पातेलं उचललं की मुलगी हर्षाली धावत यायची. "आई, राहू दे, मी करते." तिचा नवरा सोमनाथ तर तिला अंगणातसुद्धा एकटीला उतरू देत नव्हता.

जुलैमध्ये तपासणीसाठी दोघं नाशिकला आली. परत जाताना मोटारीचा पार्ट आणायला सोमनाथ द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात गेला आणि साधना चहाच्या टपरीवर बाकावर बसली. टपरीवाला कुंदन पस्तिशीचा असेल. हातभर उंचावरून तो सहा ग्लास एका दमात भरत होता, थेंब न सांडता. त्याने ग्लास पुढे केला तेव्हा तिला दिसलं, त्याचा डावा डोळा पांढरा होता.

"भाऊ, राग नका मानू. एका डोळ्याने कसं जमतं हे?"

"लहानपणी गेला म्हणतात. दोन डोळ्यांनी बघितलेलं मला आठवतच नाही, ताई."

"पण गिलास कुठं हाय ते कळतं कसं?"

"दिसतो की समोर."

"मला पण दिसतो. मी ओतते तिथं नसतो फक्त."

कुंदनने थोडा विचार केला. मग म्हणाला, "खरंच नाही सांगता येणार."

त्याला सांगता येत नव्हतं, तेव्हा ती बघत बसली. आधी हात बघितले, पण हातात काही वेगळं नव्हतं. बऱ्याच वेळाने तिचं लक्ष त्याच्या मानेकडे गेलं. ओतण्याआधी दर वेळी मान जराशी डावीकडे सरकायची, मग उजवीकडे, आणि मगच किटली कलायची. तिने बसल्या जागी तसं करून पाहिलं. हातातला ग्लास नजरेसमोर भरकन सरकला, मागची बिस्किटांची बरणी मात्र जेमतेम हलली. दोन्हींमध्ये जागा उघडल्यासारखी झाली. चार महिन्यांत पहिल्यांदा तिला समजलं, की ग्लास बरणीच्या किती अलीकडे आहे.

"तुम्ही मान हलवता," ती म्हणाली.

"मी? छे."

पुढच्या वेळी तो मानेकडे लक्ष ठेवून ओतायला गेला आणि चहा फळीवर सांडला. तो हसायला लागला. "ताई, आता तिकडे बघा बरं. तुम्ही सांगितलं आणि माझा हात बिघडला."

घरी आल्यावर साधनाने मागच्या दारी एक तांब्या आणि चार पेले मांडले. रोज पाणी ओतायची, सांडायची, पुन्हा ओतायची. तिला मान हलवताना बघून हर्षाली घाबरली.

"चक्कर येतेय का?"

"नाय गं. अंदाज घेतेय. तू आत जा."

त्या दिवशी हर्षाली आत गेली आणि पुन्हा मध्ये पडली नाही. गणपतीत साधनानेच पाहुण्यांना चहा दिला. जिन्याला मात्र आणखी दोनेक महिने लागले. दिवाळीच्या आसपास एकदा ती भरली कळशी घेऊन खाली उतरली, आणि उतरल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण पायरीचा विचारच केला नव्हता.

विरळणी सुरू झाली तेव्हा बागवाला ललित चाचरत म्हणाला, "काकू, यंदा तुम्ही नुसती देखरेख करा ना."

"एक झाड दे. बिघडलं तर घरी जाते."

पहिल्या दोन घडांत चार मणी टोचले. नुसती मान पुरत नव्हती. मग तिने कात्रीच्या हाताची करंगळी घडाच्या देठावर टेकवली आणि हाताला आधार मिळाला. तिसरा घड नीट उतरला. बाकीच्या बायकांची चार झाडं झाली तेव्हा तिची दोन झाली होती. ललितने घड खालून-वरून पाहिले आणि तिला पुढची ओळ दाखवली.

आठवड्याभराने गावात नव्याने लग्न होऊन आलेली अंजली काम शिकायला तिच्या शेजारी उभी राहिली. थोड्या वेळाने साधनाने वळून पाहिलं, तर अंजली दर घडापुढे मान डावी-उजवीकडे सरकवत होती. साधनाला हसू आवरेना.

"मान कशाला हलवतेस?"

"तुम्ही हलवता म्हणून. मला वाटलं, असंच करायचं असतं."

"तुला नाय लागत ते. इकडे ये. माझी करंगळी कुठे टेकलीय ते बघ."