कोयता घेऊन फिरायला

वाशिंदच्या कारखान्यातून रिटायर होऊन मी खर्डीकडच्या आमच्या गावी राहायला आलो. डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलं होतं. भाद्रपद सरत आला होता, भाताच्या लोंब्या पोटरीतून बाहेर पडल्या होत्या, बांधाबांधावर कुर्डू फुलला होता. मला ते सगळं फारच आवडलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी आपल्याला फुलं आवडतात हे कळणं जरा लाजिरवाणंच, म्हणून मी कुणाला बोललो नाही. ओहळापर्यंत जायचो, उगाच उभा राहायचो, परत यायचो.

चौथ्या दिवशी शेजारच्या सकुबाईने विचारलं, "कुठं चाललास रे, लडकू?"

"कुठंच नाय."

इथेच चुकलं. त्या वर्षांत आमच्याकडे बिनकामाचे हिंडणारे दोनच प्रकारचे होते: वेडे, आणि मुंबईच्या पार्टीसाठी जमिनी बघणारे दलाल. मी वेडा नाही, हे गावाला माहीत होतं.

आठवड्यात थोरला भाऊ, धाऊदादा, माझ्याशी बोलेनासा झाला. शेत दोघांच्या नावावर, पण तीस वर्षं कसलं त्यानेच. आता तो जेवायलाही माझ्याकडे पाठ करून बसू लागला. शेवटी वहिनीनेच तोंड उघडलं.

"भावोजी, तुमचा वाटा इकायचा तर सांगून इका. ह्यांना घास उतरत नाय."

मी कपाळावर हात मारला आणि तडक पडवीत गेलो.

"दादा, मी काय पण इकत नाय. नुसता चालतो. कुर्डू फुललाय, तो बघतो."

"कुर्डू?"

"हां."

"त्याची भाजी आषाढातच झाली. आता काय बघाचं त्याच्यात?"

तो आत गेला आणि कोयता घेऊन आला.

"हा घेऊन हिंड. रिकाम्या हाताचा माणूस जमीन बघतो. कोयतावाला गवत बघतो."

दुसऱ्या दिवसापासून मला कुणी काही विचारलं नाही. त्या कोयत्याने मी एक काडीही कापली नाही. तरी लडकू कामाला लागला, असं सकुबाईने गावभर सांगितलं.

दादा जेवताना समोर तोंड करून बसू लागला, पण बोलणं बेताचंच. भावावर संशय घेतला म्हणून मन अजून खात होतं त्याचं. तीस वर्षं त्याला एकट्याला कसू दिलं म्हणून माझंही.

दसऱ्याच्या आधी एका सकाळी मागून पावलं वाजली. धाऊदादा होता. ओहळापर्यंत माझ्याबरोबर आला, कुर्डूपाशी थांबला आणि बराच वेळ बघत राहिला. त्याचे हात रिकामे होते.

"दादा, तुझा कोयता?"

"तू आणलास ना," तो म्हणाला. "दोघांना एक बास."