तीन रंगांची गळती

पाण्याच्या नळांची गळती शोधणं हे माझं काम. ज्या नळावर संशय, त्यात रंग सोडायचा आणि तो कुठे वर येतो ते बघायचं.

घरातली गळती मात्र सापडत नव्हती. माझा नवरा वेगळा राहतो आणि चुंबकाच्या बांगड्या विकतो. सांधेदुखीपासून निद्रानाशापर्यंत सगळ्यावर एकच इलाज. ताब्याचा निकाल लागेपर्यंत मुलगी माझ्याकडे आहे, रविवारी तेवढी त्याच्याकडे जाते. पण न्यायाधीशबाईंनी बजावलं होतं, "वडिलांच्या धंद्याबद्दल तिच्या कानावर अवाक्षर पडता कामा नये. पडलं, तर मुलगी त्यांच्याकडे."

तरी मागच्या तारखेला त्याच्या वकिलाने माझंच वाक्य मला ऐकवलं: 'शुद्ध फसवणूक.' ते मी स्वयंपाकघरात, मुलगी आत झोपलेली असताना बोलले होते.

घरी येणारी माणसं तीन, आणि तेव्हा तिघंही तिथेच होती. दादा अजून त्याच्याबरोबर पत्ते खेळतो. आईला जावई आजही लाखात एक वाटतो. शेजारच्या वहिनींच्या तोंडात तर तीळ भिजत नाही. दादाने नुसता चहा मागितला तरी वाटायचं, हा कान टवकारून बसलाय.

मग मी तीन रंग सोडले. दादाला म्हटलं, "त्या बांगडीत चुंबकच नसतं." आईला, "गाशा गुंडाळून पळणार बघ तो." वहिनींना, "स्वतःचा गुडघा दुखला की मुकाट गोळी घेतो."

"अगं बाई! मग बांगडी काय म्हशीला घालतो?" वहिनी खिदळल्या.

प्रत्येक वेळी मुलगी आतल्या खोलीत होती, दार लावून.

काल माझ्या वकिलांचा फोन आला. "ताई, समोरच्यांनी तुमची तीन नवी वाक्यं कोर्टात दिलीत. डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

तिन्ही! शिकाऊ माणूसही करणार नाही अशी चूक मी केली होती. नळ पुढे कुठे एकत्र होतात ते बघितलंच नव्हतं.

मुलगी चित्र रंगवत होती.

"बाबांना तू सांगतेस?"

"ते विचारतात, आई काय म्हणते. म्हणून सांगते." तिने मान वर केली. "खोटं बोलायचं नाही, असं तूच म्हणतेस ना? आणि दारातून सगळं ऐकू येतं. तू हळू बोललीस की मी जास्त लक्ष देऊन ऐकते."

'सांगत जाऊ नकोस' हे अगदी जिभेवर आलं. गिळलं. मला गप्प बसवलं म्हणून मी चडफडत होते, आणि आता तेच हिच्याशी करणार होते.

"आई, यात खरंच चुंबक नाही?" तिने मनगट पुढे केलं. बापाने दिलेली बांगडी.

मला बोलायला बंदी. मी शिवणाच्या डब्यातल्या टाचण्या टेबलावर ओतल्या. तिने बांगडी काढून त्यांच्यावर धरली. टाचण्या टपाटप उडून चिकटल्या.

"आई! तू खोटं बोललीस!"

"हो. न तपासता बोलले."

"मग गुडघा पण बरा होतो?"

"ते टाचण्यांवर कळत नाही. कसं तपासायचं, तूच विचार कर."

ती विचारात पडली. मग हळूच म्हणाली, "हे पण बाबांना सांगू?"

"सगळं सांग. माझी चूकसुद्धा."

उद्याच्या तारखेला कोर्टात मीही तेच सांगणार आहे.