सुटं सामान

मोठ्या होडीवर सुटं सामान एकूण एकेचाळीस नग निघालं. जाळी सहा, त्यांतली दोन फाटकी. दोराची वेटोळी अकरा. नांगर तीन. बर्फाच्या पेट्या चार, डिझेलचे रिकामे कॅन पाच, बॅटऱ्या दोन आणि त्यांतली एक केव्हाच मेलेली. तरंग्यांच्या गोणी दोन. इंजिनाचा जुना, वाकडा पंखा एक. स्टोव्ह एक, भांडी चार, छत्री एक, प्लास्टिकची खुर्ची एक. मी हे सगळं मोजलं, कारण बाबा हे सगळं छोट्या होडीत भरत होते आणि छोटी होडी साडेसहा मीटरची होती.

मोठी होडी देऊन छोटी घ्यायची ही अदलाबदल आमच्याच भल्यासाठी होती. गेल्या काही वर्षांत खाडीच्या तोंडावर वाळू साचत गेली. त्या जागेला सगळे उंबरा म्हणतात. मोठी होडी पूर्ण भरतीलाच उंबरा ओलांडते, एरवी बाहेरच ताटकळते. शिवाय तिला चार माणसं लागतात. दोघं कारखान्यात लागले, काकांची पाठ गेली, उरले बाबा. त्यामुळे होडी नांगराला आणि बाबा घरी. आई म्हणायची, "हे घरात बसले की भाजीत मीठ किती घालायचं ते मला शिकवतात. यांना पाण्यात सोड गं बाई कसंही करून."

म्हणून ही सपाट तळाची छोटी होडी मीच शोधून काढली. तिचा मालक पलीकडच्या बंदरातला. घाई त्याच्या रक्तातच नव्हती, म्हणून सगळे त्याला सावकाश म्हणत. त्याच्या बंदरात पाणी खोल, त्याला मोठी होडी हवी होती. रिकामी असली की छोटी होडी बावीस सेंटिमीटर बुडायची. उंबऱ्यावर ओहोटीचं सगळ्यात कमी पाणी सत्तावीस. एकटा माणूस, दोन जाळी, थोडा बर्फ, आणि बाबा वाटेल तेव्हा आत-बाहेर करू शकले असते.

बाबांनी एकच अट घातली. "ओहोटीला उंबरा ओलांडून आत गेली तर व्यवहार पक्का. अडकली तर ज्याची त्याला."

सावकाशकाका म्हणाले, "मंजूर. मी बाहेर थांबतो. तुम्ही आत गेलात की भोंगा वाजवीन आणि निघेन."

अटीत चूक काहीच नव्हती. चूक होती ती धक्क्यावरच्या जुन्या रिवाजात. होडी देताना लाकडाला खिळलेलं असेल ते होडीबरोबर जातं. सुटं असेल ते मालकाचं. पण मालक उतरला की मागे राहिलेली सुतळीसुद्धा नव्या मालकाची. मागाहून "माझी बादली राहिली" म्हणत आलेल्याला लोक वर्षभर बादली म्हणूनच हाक मारतात. मोठी होडी ओहोटीत आत येऊ शकत नव्हती, म्हणून हा सगळा सोहळा उंबऱ्याबाहेर, दोन होड्या कडेला कड लावून चालला होता. म्हणजे सुटं सामान न्यायचं तर छोट्या होडीतूनच.

"बाबा, मेलेली बॅटरी कशाला?"

"शिसं असतं तिच्यात."

"आणि हा पंखा? वाकडाय. छोट्या होडीच्या इंजिनाला बसणार पण नाही."

"पितळ आहे ते."

"फाटकी जाळी?"

"शिवता येतात. तुझी आई काय करते दुपारी?"

"हे आईसमोर बोलून दाखवा."

सावकाशकाका मोठ्या होडीच्या काठावर कोपरं टेकून बघत होते. "दादा, ठेवा की थोडं. मी दोन दिवसांनी पाठवून देतो."

"तुझे दोन दिवस म्हणजे नातवंडांच्या हाती पडेल," बाबा म्हणाले आणि खुर्ची खाली दिली.

मी गणित सांगितलं. छोट्या होडीत पंचाहत्तर किलो चढलं की ती एक सेंटिमीटर बुडते. सामान सव्वापाचशे किलो, आम्ही दोघं एकशे पस्तीस. बावीसवर जवळजवळ नऊ. एकतीस. उंबऱ्यावर आत्ता चाळीसच्या आसपास पाणी असेल आणि ते उतरतंय. आत्ता निघालो तर जाऊ.

"मग झालं तर," बाबा म्हणाले. "आहे की जागा."

"जागा आहे, वेळ नाहीये!"

"ओरडू नकोस. भांडी दे."

होडीच्या कडेवर पुढे आणि मागे, तळापासून सेंटिमीटर मोजून, होडी किती बुडाली ते कळावं म्हणून मी रंगाने खुणा केल्या होत्या. निघताना मी पुढे बसले. पुढची खूण चोवीस दाखवत होती. मला बरं वाटलं. खरं तर तिथेच मला शंका यायला हवी होती, कारण गणित एकतीस म्हणत होतं आणि सामान काही हलकं झालेलं नव्हतं. मी मागे वळून पाहिलं नाही.

उंबऱ्याशी आल्यावर बाबांनी इंजिन वर उचललं आणि बांबूने होडी रेटू लागले. मी खुणा केलेला दुसरा बांबू पाण्यात टेकवला. सदतीस. समुद्र थाळीसारखा शांत होता. मी म्हटलं, "चला, सरळ घ्या." आणि होडीच्या बुडाखालून लांबलचक खरखर आली, आणि आम्ही थांबलो.

तेव्हा मी मागे पाहिलं. तिन्ही नांगर, बॅटऱ्या, पंखा, ओली जाळी, सगळं बाबांच्या पायाशी ढीग करून ठेवलेलं. मागची खूण पाण्याखाली होती. वाळूत रुतण्याआधी ती अडतीस तरी असणार.

"सगळं मागे कशाला भरलंत?"

"मग कुठे भरतात? नाक वर हवं. लाट आली की नाक खाली असलेली होडी पाणी पिते."

"कुठली लाट? बाबा, ही मोठी होडी नाहीये! हिला लाटेत न्यायचंच नाहीये!"

"पस्तीस वर्षं असंच भरतोय."

"पस्तीस वर्षं ती होडी होती!"

बाहेरून सावकाशकाकांचा आवाज आला, "अडकलात का हो?"

"नाही!" आम्ही दोघंही एकदम ओरडलो. बापलेकीचं त्या सकाळपासून एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं.

"ढीग पुढे घ्या," मी म्हटलं. "होडी सपाट झाली की एकतीसला येईल. आत्ता छत्तीस आहे पाणी."

"पुढे घेऊन नाक घालू वाळूत?"

"नाक नाही जाणार. चोवीसचं एकतीस होईल, अडतीसचं एकतीस होईल. सरासरी आहे ती."

"सरासरीवर होड्या चालत असत्या तर—"

"उचला ना बाबा! वाद आत जाऊन घालू."

त्यांनी उचललं, पण एकेक वस्तू, आणि प्रत्येकीबरोबर एक वाक्य. हा नांगर तुझ्या आजोबांचा. हे जाळं एका खेपेत फाटलं, पण काय खेप होती. दोर असा फेकू नकोस, पीळ बसतो. मी घामाने निथळत होते आणि मनातल्या मनात त्या वाकड्या पंख्याला शिव्या घालत होते. मधेच बांबू टेकवला तर चौतीस. पुन्हा टेकवला तर बत्तीस. एकेचाळीस नग पुढे-मागे नीट वाटून झाले तेव्हा होडी सपाट होती आणि बांबूवर पाणी तीसच्या जरा वर होतं. बाबांनी जोर लावून रेटलं. होडी कुरकुरली. हलली नाही.

"झालं," मी म्हटलं आणि बांबू होडीत आपटला. "संपलं. घ्या तुमची ती मोठी परत. बांधून ठेवा नांगराला. बसा घरात आईला मीठ शिकवत. मला काय, मी जाते माझ्या नोकरीला."

बाहेर मोठी होडी उभी होती, रिकामी, नेहमीपेक्षा जरा उंच तरंगणारी. सावकाशकाका तिच्या टोकाला येऊन हाताची सावली करून आमच्याकडे बघत होते. आम्हाला मागे ओढायला त्यांनी दोर हातात घेतला होता की नाही ते इतक्या लांबून दिसत नव्हतं. आम्ही परत बोलवायची वाट बघत असावेत.

"अजून किती उचलली पाहिजे?" बाबांनी विचारलं.

"दोन सेंटिमीटर. थोडं कमी चालेल."

"म्हणजे?"

"म्हणजे दीडशे किलो."

"तिन्ही नांगर टाकले तर?"

"पंचाहत्तर. आणि अजून पंचाहत्तर जमवेपर्यंत पाणी अजून उतरेल."

बाबांनी ढिगाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे. "माझं वजन किती?"

"डॉक्टरांनी ऐंशी सांगितलं होतं."

"तुझं?"

"बाबा!"

"आता लाजतेस काय. सांग."

"पंचावन्न."

त्यांनी पँट गुडघ्यांच्या वर दुमडली. काठावर बसले, एक पाय बाहेर टाकला, गुडघा धरून तोंड वाकडं केलं, आणि दुसरा टाकला. पाणी त्यांच्या पोटऱ्यांपर्यंत आलं. भर खाडीच्या तोंडाशी, सगळ्या धक्क्यासमोर, पस्तीस वर्षं होडी हाकलेला तांडेल स्वतःच्या होडीशेजारी डबक्यात उभा असल्यासारखा उभा होता.

बाहेरून आवाज आला, "दादा, हे चालतं का?"

"शर्त काय होती?" बाबा वळूनही न बघता ओरडले. "होडी आत गेली पाहिजे. आत कोण बसणार हे कुठे ठरलं होतं?"

सावकाशकाकांचं उत्तर सावकाश आलं, "बरं."

"उतर," बाबा मला म्हणाले. "पुढचा दोर घे. ओढू नकोस अजून, आधी बघ किती झालं ते."

मी चपला होडीत टाकल्या आणि उतरले. पायाखाली वाळू घट्ट होती. पुढची खूण पाहिली. पाण्यातून मागे चालत गेले, मागची पाहिली. मग बांबू होडीच्या बरोबर समोर, जिथून ती जायची होती तिथे, सरळ रोवला.

पुढे एकोणतीस. मागे एकोणतीस. पाणी तीस.