वाडीवरून उडालेले वायुमापक

मित्रांनो, यंत्रालाही आकाश आठवते. मी हवेतला वायू मोजणारे एक जुने यंत्र. कौमुदीताई नावाच्या तरुण संशोधिकेने बडोद्याच्या प्रयोगशाळेत महिनोन् महिने खपून मला तयार केले. हवेत गंधकाचा झोंबरा वायू असला, की माझा काटा वर चढे.

ती नव्वदच्या दशकातली वर्षे. शहराभोवती कारखाने वाढत होते. एका हिवाळ्यात शहरातल्या वाडी या वस्तीतल्या लोकांचे डोळे चुरचुरू लागले, मुले खोकून बेजार झाली. सगळ्यांनी बोट दाखवले ते आनंदीमावशींच्या चण्याफुटाण्यांच्या भट्टीकडे. भट्टी बंद करण्याची नोटीस आली. एकट्या मावशींचे पोट त्या भट्टीवरच होते.

"धूर माझा आहे गं, पण एवढं सगळं माझ्यामुळे?" त्या रडवेल्या होऊन ताईंना म्हणाल्या.

"मोजून बघू या, मावशी."

ताईंनी मला एका छोट्या विमानात घट्ट बांधले आणि माझी नळी बाहेर काढली. विमान सुभानराव नावाचे वयस्क वैमानिक चालवत होते. वाडीवर माझा काटा चढलेलाच होता. वारा उत्तरेकडून येत होता, म्हणून आम्ही तिकडे वळलो. भट्टी मागे पडली, तरी काटा उतरेना; उलट चढतच गेला.

विमान हेलकावे खात होते. ताईंना उलट्या होऊ लागल्या.

"कौमुदीबेन, परत फिरू का?" सुभानरावांनी काळजीने विचारले.

"नको काका. अजून थोडं पुढे."

शहराबाहेरच्या एका कारखान्याच्या उंच धुराड्याजवळ माझा काटा पार टोकाला गेला. धुराडे ओलांडले आणि तो झपकन खाली आला.

"काका, सापडलं!" ताई ओरडल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

कारखान्याचे मालक ऐकेनात. ताईंनी मला पुन्हा पुन्हा वर नेले. काटा दर वेळी तिथेच चढला. शेवटी कारखान्याला वायू धुऊन काढणारी यंत्रणा बसवावी लागली. मावशींची नोटीस रद्द झाली. त्यांनी आपणहून भट्टीचे धुराडे उंच करून घेतले, आणि प्रयोगशाळेत येऊन मला चक्क हळदीकुंकू वाहिले! तेवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

पुढे संगणकावर चालणारी यंत्रे आली. ताई निवृत्त झाल्या. मी कपाटामागे पडले, नळीला भेगा पडल्या. कधी कधी फार एकटे वाटते.

मित्रांनो, माझे आता काय व्हायचे ते होवो. पण माझ्यासारखे यंत्र तुमच्या हाती आले, तर त्याला जपा, वेळच्या वेळी तपासा. आमचा काटा चुकला, तर कुणा निरपराध माणसाची भट्टी विझते.