चेअरमनसाहेबांचे तगडे मासे

आमचे चेअरमन लालासाहेब दर वाढदिवसाला काहीतरी सोडतात. एका वर्षी कबुतरं सोडली, एका वर्षी फुगे, आणि गेल्याच्या आदल्या वर्षी कृष्णेत रोहू माशाची पिल्लं. फोटो निघाले, पेपरात आले, आणि पिल्लांना साहेब विसरले.

पिल्लांचं काय झालं ते मला विचारा. मी संयोगिता. साहेबांच्याच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, तेही तासावर, पीएच.डी. असून. दर महिन्याला घाटाखाली जाळं टाकून घेते, मासा आधी पट्टीवर ठेवते, मग काट्यावर. लांबीच्या मानानं वजन किती भरतं, त्यावरनं माशाची तब्येत कळते. साहेबांच्या साखर कारखान्याचं मळीचं पाणी नदीत सुटायला लागलं की मासे भरतच नाहीत. डोकं हे एवढं मोठं, आणि मागं नुसता काटा.

नदीकाठच्या लोकांनी पाण्याची तक्रार केली, तेव्हा कुठं साहेबांना पिल्लं आठवली. मला केबिनमध्ये बोलावलं.

"म्याडम, वाढदिवसाला घाटावर सगळ्यांम्होरं मासं मोजायचं. माइकवर तब्येत सांगायची. मासं तगडं म्हंजे पाणी चांगलं. तक्रार मिटली. आन जूनमधी तुमची पर्मनंट ऑर्डर."

"मोजते की," मी म्हणाले. "जे दिसेल ते सांगेन."

"आवं, चांगलंच दिसंल!" साहेब असे हसले की टेबल हाललं.

ऑर्डर मला हवी होतीच. का नसावी? दिवाळीच्या सुट्टीत पगार नाही, उन्हाळ्यात पगार नाही, आणि स्टाफरूममध्ये खुर्ची पण दुसऱ्याची.

वाढदिवशी सकाळी घाटावर गेले तर हा मोठा फ्लेक्स: 'कृष्णामाई निर्मळ, मासे तगडे!' खाली काठाला काळपट फेस. आदल्या रात्रीच कारखान्यानं पाणी सोडलं होतं. आणि साहेबांचा उजवा हात भाऊसो टेम्पोतल्या टाकीतनं मासे काढून नदीतल्या जाळीच्या पिंजऱ्यात टाकत होता. गुबगुबीत रोहू, तळ्यात पेंड खाऊन वाढलेले.

"भाऊसो, हे कुठले हो?"

"नदीचंच."

"नदीचे मासे टेम्पोतनं येतात होय?"

"म्याडम, तुमी मोजायचं बगा. नऊचा कार्यक्रम हाय. मोजून झालं की लगीच परत टाकीत. तेवढ्यानं काय मरत न्हाईत."

म्हणजे पाणी कसं आहे हे या महाशयांना पुरतं ठाऊक होतं.

आणि नऊला म्हणे! आमच्याकडं नऊचा कार्यक्रम कधी नऊला झालाय? प्रमुख पाहुणे साताऱ्यात अडकले. मग वेळ काढायला सत्कार सुरू झाले. माजी संचालकांचा सत्कार. आजी संचालकांचा सत्कार. टेम्पोवाल्याचा सत्कार. माइकवाल्याचासुद्धा! प्रत्येकाला शाल, नारळ, फेटा, आणि वर प्रत्येकाचं भाषण. तिकडं मासे पाण्यावर तोंडं काढून हवा गिळायला लागले होते.

"भाऊसो, आधी मोजून घेऊ या," मी म्हणाले.

"पाव्हणं आल्याबिगर? डोस्कं हाय का ठिकाणावर?"

पाहुणे आले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. हलगी वाजली, पिंजरा दोरीनं वर ओढला, स्टेजवर आणला. सगळी पांढरी पोटं वर. एकसुद्धा हलत नव्हता.

साहेब जराही डगमगले नाहीत. माइकवर हात ठेवून मला म्हणाले, "मेलं म्हनून काय झालं म्याडम? वजन तर त्येच हाय न्हवं? करा सुरू."

धन्य तो माणूस! वजन तेच होतं, हे खरंच. ऑर्डर समोर दिसत होती, खोटं कशाला सांगू. मी मासा पट्टीवर ठेवला, मग काट्यावर, आणि माइक घेतला.

"लांबी छत्तीस सेंटिमीटर. वजन सहाशे ग्रॅम. तब्येत एकदम उत्तम."

टाळ्या पडल्या. साहेबांनी पाहुण्यांकडं बघून मान डोलावली.

"हा मासा सकाळी तळ्यातनं टेम्पोनं आला. आपल्या कृष्णेत दुपारपर्यंतसुद्धा जगला नाही."

मागच्या रांगा तरीही टाळ्या वाजवत राहिल्या, त्यांना सवयच आहे.

"माइक बंद कर रं!" भाऊसो ओरडला. माइकवाला डोळ्यांवर आलेला फेटा सारत बटण शोधत राहिला. तेवढ्यात मी दुसऱ्या माशाचंही सांगून टाकलं.

जूनमध्ये ऑर्डर निघाली, भाऊसोच्या मेव्हण्याच्या नावानं. तो भूगोलवाला. घरी जाऊन मी भरपूर रडले. तक्रार मात्र मिटली नाही. घाटावरचा व्हिडिओ अजून गावोगाव मोबाइलवर फिरतोय.

येत्या वाढदिवसाला साहेब परत कबुतरं सोडणार आहेत म्हणे. बरं झालं बाई, बिचारी उडून तरी जातील.