ओलं फडकं

बाईंनी तोंड खिडकीकडे वळवलं, श्वास रोखला आणि ओलं फडकं टॅबवर गरागरा फिरवलं. टॅब टुण्णकन वाजला. वाजू दे. त्याच्या काचेवर आज काय काय असेल हे बघायची त्यांची तयारी नव्हती. सकाळी एक पोरगा थेट पडद्यावर शिंकला होता आणि ते सगळं तळहाताने पसरवून त्याने वर अक्षर गिरवायला घेतलं होतं. पुढच्या टॅबच्या कोपऱ्यात काहीतरी गोड वाळून बसलं होतं. ते बाईंनी डोळे मिटून नखाने खरवडलं.

मधली सुट्टी चालू होती. मुलं मैदानात उधळली होती आणि टॅब बाकांवर तसेच उघडे पडले होते. ते मध्ये बंद करायचे नाहीत, मुलांच्या सरावाची नोंद तुटते, असं चार्जरने बजावून ठेवलं होतं. चार्जर म्हणजे शाळेचे तंत्रज्ञानाचे सर. त्यांच्या गळ्यात सदैव एखादी वायर असे, आणि कुठलीही अडचण सांगा, ते आधी चार्जिंग बघत. पुसताना टॅब असे अधूनमधून का वाजतात, हे बाईंनी त्यांना एकदा विचारलं होतं. चार्जिंग कमी असेल, ते म्हणाले.

वर्गात बाईंखेरीज फक्त मुंगी होती. पहिलीतली सगळ्यात लहान पोर. हिचा डबा कधी सुट्टीत संपायचा नाही, कारण बिस्कीट आधी चारी बाजूंनी चाटायचं आणि मग कुरतडायचं अशी हिची रीत. बोटं कायम चिकट, नाक कायम वाहतं. बाई तिच्याकडे जमेल तितकं कमी बघत. मुंगी मात्र गाल फुगवून चघळत, बाई एका टॅबवरून दुसऱ्या टॅबकडे जाताना त्यांच्या हाताकडे टक लावून बघत बसे.

पहिलीच्या बाईला किळस असून चालत नाही, हे बाईंना मान्य होतं. पण किळस काही विचारून येत नाही. घरी नवरा म्हणायचा, तू साबणालासुद्धा आधी साबण लावशील. शाळेत त्यांच्या पाठीमागे फडकंबाई म्हणत, तेही त्यांना ठाऊक होतं. तरी टॅब येण्याआधी त्या प्रत्येक मुलाचा हात हातात धरून अक्षर गिरवून घ्यायच्या. शेंबडाचे हात, घामाचे हात, नाकातून नुकतेच बाहेर आलेले हात. धरायच्या, गिरवायच्या, नळावर जाऊन कोपरापर्यंत धुवायच्या, आणि पुढच्या मुलाकडे वळायच्या. टॅब आले आणि हात धरायची गरज संपली. बाकीच्या बायका कुरकुरल्या. बाईंना, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं झालं.

वर्षाच्या सुरुवातीला मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, प्रत्येक शिक्षकाला आपापल्या व्यावसायिक वाढीची उद्दिष्टं लिहायला सांगितली होती. वाढ म्हटल्यावर बाईंना आधी नखं आठवली. मग त्यांनी विचार करकरून लिहिलं, ‘वर्गातल्या प्रत्येक मुलाला पेन्सिल नीट धरता यावी.’ मोठ्या बाईंनी ते वाचून कागद परत सरकवला. हे मोजणार कसं, त्यांनी विचारलं, आणि यात तंत्रज्ञान कुठे आहे? शेवटी उद्दिष्ट चार्जरनेच सांगितलं आणि बाईंनी ते सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं. वर्गातील सर्व मुले टॅबवर अक्षरे गिरवून तारे मिळवतील. टॅब रोज स्वच्छ ठेवले जातील, ही ओळ तेवढी बाईंची स्वतःची. ती मोठ्या बाईंना फार आवडली.

नेमणूक कायम व्हायची होती. कितीतरी वर्षं बाई तात्पुरत्या म्हणून शिकवत होत्या, आणि दर उन्हाळ्यात पुढच्या वर्षी आपण असू की नसू या धास्तीने त्यांची झोप उडत होती. या वर्षी उद्दिष्टं पुरी झाली की मंडळाचे अध्यक्ष सही करतील, असं मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. त्यामुळे चार्जरने जेव्हा शिक्षकांच्या बैठकीत पहिलीचा आलेख भिंतीवर दाखवला आणि तो शिडी लावल्यासारखा वर वर गेलेला दिसला, तेव्हा बाईंना सही झाल्यासारखीच वाटली. सगळ्यांत जास्त तारे मुंगीचे होते. ऐकून बाईंना खरं वाटेना. मग वाटलं, आपण उगाच त्या पोरीकडे बघून नाक मुरडतो, डोक्याने तल्लख निघाली.

अध्यक्ष सही करायला शाळेत येतील त्या दिवशी मुंगीनेच प्रात्यक्षिक दाखवायचं असं ठरलं. अक्षरं पुरी येणाऱ्या मुलांचा वाचनाचा वेगळा गट होणार होता, आणि त्यात पहिलं नाव तिचं होतं. त्या गटात गेलेल्या मुलाला मग कुणी परत अक्षरांकडे आणणार नव्हतं.

त्या सकाळी बाई शाळा भरायच्या आधीच मुंगीला घेऊन बसल्या. टॅब आल्यापासून कुठल्याही मुलाशेजारी त्या अशा बसल्या नव्हत्या. एकदा सराव झालेला बरा, म्हणून त्यांनी टॅब पुढे ठेवला. पडद्यावर ठिपक्यांचा मोठा ‘क’ उमटला. बोट एकेका ठिपक्यावरून न्यायचं, सगळे ठिपके झाले की तारा, असा तो खेळ होता.

मुंगीने बाही खाली ओढून मुठीत धरली, तोंड खिडकीकडे वळवलं आणि पडद्यावर गरागरा हात फिरवला. टुण्ण. तारा पडला. ‘ख’ आला. पुन्हा गरागरा, पुन्हा टुण्ण. पडद्याकडे तिने एकदाही बघितलं नाही. काचेवर लाळेचा आणि बिस्किटाचा ओला चिखल तेवढा पसरत गेला.

बाईंनी तिच्यापुढे कागद आणि पेन्सिल ठेवली आणि ‘क’ काढायला सांगितला. मुंगीने पेन्सिल बाजूला सारली, कागदावर बाही फिरवली आणि वाट बघत बसली.

“हा वाजत नाही,” ती म्हणाली.

“पेन्सिलने काढ.”

मुंगीने पेन्सिल मुसळासारखी मुठीत धरली. कागदावर एक भोक पडलं.

बाईंना शिसारी आली. लबाड कार्टी. एवढ्याशा वयात हे असलं. सगळा आलेख, सगळं कौतुक, आणि त्याच्या बुडाशी हा चिखल. हे कुणी शिकवलं तुला, त्यांनी विचारलं. आवाज बराच चढला असणार, कारण मुंगी दप्तराला चिकटून बसली. नाक तेवढं वाहत राहिलं.

बाई तशाच मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. मोठ्या बाई पाहुण्यांसाठी खुर्च्या मोजून घेत होत्या.

“मुंगीला अक्षर येत नाही,” बाई म्हणाल्या. “एकही.”

“तारे तर सगळ्यांत जास्त आहेत तिचे.”

“ती नुसता पडदा पुसते. सगळे ठिपके हाताखाली येतात आणि तारा पडतो.”

मोठ्या बाईंनी दार लोटून घेतलं. त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं.

“पाहुणे मागे बसतील,” त्या म्हणाल्या. “त्यांना भिंतीवरचा तारा दिसेल. हात कशाला दिसतोय? तुमच्या ऑर्डरवर आज सही व्हायची आहे, बाई. पोरीला काय, पुढच्या वर्षी येतील अक्षरं.”

आपल्याला पुढच्या वर्षी यायचंच नाही असं ठणकावून सांगायचं बाईंच्या ओठांवर आलं होतं. प्रत्यक्षात त्यांनी मान हलवली. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांनाही कळत होतं. नळाशी जाऊन त्यांनी हात धुतले, मग परत धुतले. किळस हाताला चिकटलेली नव्हती, त्यामुळे ती जाईना.

अध्यक्ष म्हातारे होते, मऊ आवाजाचे, आणि मागे बसायला तयार होईनात. मोठ्या बाईंनी दाखवलेली खुर्ची सोडून ते काठी टेकत थेट मुंगीच्या बाकाशी आले आणि कसेबसे वाकून बसले. बाकीची मुलं आपापल्या बाकांवर उघड्या टॅबपुढे बसली होती. भिंतीवर एका बाजूला मुंगीचा टॅब दिसत होता आणि दुसऱ्या बाजूला वर्गाचा आलेख. प्रत्येक ताऱ्यागणिक तो तिथल्या तिथे वर चढतो, असं चार्जर समजावून सांगत होते.

मुंगीने बाही ओढली, तोंड वळवलं, गरागरा हात फिरवला. टुण्ण. टाळ्या पडल्या. पुन्हा टुण्ण, पुन्हा टाळ्या. अध्यक्षांना जवळून नीट दिसत नव्हतं. तारे मात्र दिसत होते. ते लहान मुलासारखे हसले.

“वा गं वा,” ते म्हणाले. “कुणी शिकवलं तुला हे?”

एवढ्या मायेने तिला कुणी विचारलं नव्हतं. मुंगीने हनुवटीने कपाटाकडे दाखवलं. तिथे बाई उभ्या होत्या.

“बाईंनी. त्या रोज सुट्टीत करतात. सगळ्यांच्या टॅबवर.”

सगळे कौतुकाने हसले. सुट्टीसुद्धा घेत नाहीत म्हणजे बघा, कुणीतरी म्हणालं. मोठ्या बाईंनी हात जोडल्यासारखं केलं. बाईंचं लक्ष यांतल्या कशाकडेच नव्हतं. त्या मुंगीने मुठीत धरलेल्या बाहीकडे बघत होत्या. ते खिडकीकडे वळलेलं तोंड कुणाचं होतं, हे त्यांना सकाळीच ओळखायला हवं होतं. पोरीने लबाडी केलीच नव्हती. समोर जे रोज घडताना दिसलं ते तिने उचललं होतं, आणि बाईंना जितकं शिकवता आलं होतं तितकं सगळंच्या सगळं तिला आलं होतं. बाईंना स्वतःचीच किळस आली.

“आम्हालाही दाखवा की बाई,” अध्यक्ष म्हणाले. “कसं शिकवता ते.”

मोठ्या बाई घाईने पुढे झाल्या, वेळ झालाय, चहा थांबलाय असं काहीसं म्हणाल्या. बाईंनी ते ऐकलं. मग त्यांनी खिळ्यावरचं फडकं काढलं, बादलीत बुडवून पिळलं आणि पहिल्या बाकापाशी आल्या. या वेळी त्यांनी तोंड फिरवलं नाही. काचेवरचे बोटांचे ओघळ, नाकाचे, बिस्किटाचे, सगळं डोळे उघडे ठेवून बघितलं आणि फडकं गरागरा फिरवलं.

टुण्ण.

भिंतीवरचा आलेख एक घर वर चढला. अध्यक्षांनी टाळी वाजवायला हात उचलले आणि ते तसेच राहिले. बाई पुढच्या बाकाकडे गेल्या. फडकं फिरलं, टॅब वाजला, आलेख चढला. मग त्याच्या पुढचा बाक. चार्जरने गळ्यातली वायर घट्ट धरून ठेवली होती, आणि मोठ्या बाई कुठे बघावं हे न कळून जमिनीकडे बघत होत्या. पूर्ण वर्गात एकट्या मुंगीचा चेहरा फुलला होता.

“बघा,” ती अध्यक्षांना म्हणाली. “माझ्यापेक्षा पटापटा येतं त्यांना.”

“एवढंच शिकवलंय मी यांना,” बाई म्हणाल्या. “हिची काही चूक नाही.”

त्यांनी फडकं बादलीत टाकलं, मुलांची एक बुटकी खुर्ची ओढली आणि मुंगीशेजारी बसल्या. कागद पुढे घेतला. सकाळचं भोक पडलेला तोच कागद. मागे खुर्च्या सरकल्याचे आवाज झाले, कुणीतरी दार उघडलं, मोठ्या बाईंनी त्यांना नावाने हाक मारली. बाईंनी मागे बघितलं नाही.

“हात दे,” त्या मुंगीला म्हणाल्या.

हात चिकट होता, आणि कोमट. बाईंना किळस आली, नेहमीसारखीच. त्यांनी पेन्सिल तिच्या बोटांत बसवली, वरून आपली बोटं मिटली आणि ‘क’चा दांडा वरून खाली ओढायला घेतला.