बिजलीबाईचा द्रोण

दिवस मावळायला टेकला तेव्हा डोंगरावरच्या तळ्याकाठी अख्खा तांडा जमला होता. जलनाथबुवाचा मंत्र चालू होता: "सत्याचा तरे, पाप्याचा बुडे! तळं बोले, जलनाथ ऐके!" गळ्यात माळांचं एवढं ओझं, की पाण्यात उतरता तर बुवाच आधी तळाशी जाता.

पुसदच्या शाळेत विज्ञान शिकवणारे सदाशिवराव पाठीवर वळकटी बांधून सकाळपासून डोंगर चढत आले होते. म्हणे, फार पूर्वी मीठ वाहणारा बैलांचा तांडा हे तळं ओलांडून गेला. खोट्यांचे बैल बुडाले, खऱ्यांचे तरले, आणि बुडालेल्यांच्या घुंगुरमाळा अजून वाजतात. त्याच ऐकायची त्यांना हौस होती. पण काठावर रचलेले दगड पाहून ते थबकले.

"हे कायले?" त्यांनी तांड्याच्या नाईकाला, लखीरामला विचारलं.

"लेकरं मरून राह्यली, मास्तर. डाकीण कोण ते तळं सांगन. जिचा दिवा बुडला..." लखीरामनं दगडांकडं बोट केलं.

काठाशी बसवलेल्या बायांत बिजलीबाई होती. नवऱ्यामागं ओढ्याकाठचं वावर एकटी कसणारी. त्या वावरावर तिच्या दिराचा, रामसिंगचा डोळा होता आणि बुवाला आणलं होतं रामसिंगनंच. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तांड्यातल्या विद्यार्थ्यांकडून सदाशिवरावांनाही. तळ्यापुढं कुणाला ते आठवत नव्हतं, याची सदाशिवरावांना चीड आली.

दिवे सोडायला बुवानं एकेकीचं नाव घेऊन पळसपानांचे द्रोण खडकावर मांडले होते. सदाशिवराव वाकले. बिजलीबाईच्या द्रोणाला मुंग्या लागल्या होत्या, बाकी एकालाही नाही. त्यांनी बोटानं तळ चाचपला. तिथं भोक होतं, आणि भोकात गूळ दाबून वर राख फासली होती.

सरळ बोलावं तर हाच जमाव आपल्यावर उलटेल. ते मोठ्यानं म्हणाले, "नाईक, आधी बुवांचाच दिवा तरू द्या. ह्या द्रोणात!"

"हात नोका लावू!" बुवा किंचाळला. "तो तिचा हाय!"

लखीरामनं त्याच्याकडं रोखून पाहिलं. "सत्य तं कोणत्याबी द्रोणात तरते ना, बुवा? सोडा, मास्तर."

दिवा काळ्या पाण्यावर हलत गेला. बुवाचा मंत्र थांबला. थोड्या वेळानं द्रोण कलला, ज्योत चुरचुरली आणि विझली. मग बिजलीबाईचा दिवा दुसऱ्या द्रोणात सोडला, तो मात्र तरंगत राहिला.

सदाशिवरावांनी बुडालेला द्रोण काठीनं ओढून भोक सगळ्यांना दाखवलं. "मुंग्या लागल्या म्हणून हे भोक दिसलं. त्यात दाबलेला गूळ विरघळला, पाणी आत शिरलं. तळ्याले तोंड नाही, बाप्पा! लेकरं हगवणीनं चालली. पाणी उकळून पाजा, दवाखान्यात न्या. अन् कोणी चमत्कार दाखवला तं आधी त्याचं बूड पाहा."

जमाव हलला. हातांनी दगड उचलले आणि आता ते बुवाकडं आणि रामसिंगकडं वळले. सदाशिवराव मध्ये आडवे गेले.

तेवढ्यात बिजलीबाई उठली. "खाली ठेवा! मंघा हेच दगड माह्यासाठी होते." तिनं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. "मुंग्या लागल्या म्हणून मी वाचली. त्या आल्या नसत्या तं?"

सगळ्यात आधी लखीरामनं आपल्या हातातला दगड खाली टाकला.